सवलतीला मोकळीक, मदतीला चौकशी

सरकारी तिजोरी दोन मार्गांनी रिकामी होते. पहिला मार्ग खर्चाचा. पगार, निवृत्तिवेतन, रस्ते, धरणे, अनुदाने हे सारे त्यात येते. दुसरा मार्ग न घेतलेल्या कराचा. जो कर एरवी वसूल झाला असता, तो सूट, सवलत किंवा दरकपातीच्या रूपाने सोडून दिला जातो आणि तेवढी रक्कम तिजोरीत येतच नाही. जमाखर्चाच्या वहीत दोहोंचा परिणाम सारखाच. राजकारणात मात्र दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्या मार्गाने दिलेल्या पैशाची चौकशी होते, लाभार्थींच्या याद्या तपासल्या जातात आणि 'खिरापत' म्हणून त्याची हेटाळणीही होते. दुसऱ्या मार्गाने दिलेला पैसा 'प्रोत्साहन' म्हणवला जातो व त्याचे पुढे काय झाले, हे पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. सरकारी उधळपट्टी, धनिकांना मिळणाऱ्या सवलती आणि सत्तेवरील त्यांचा प्रभाव यांविषयी सामान्य करदात्याच्या मनात जो वैताग साचला आहे, त्याचे मूळ या दुहेरी न्यायात शोधावे लागते.

गोव्यातील घोषणा

या दुसऱ्या मार्गाचे अलीकडच्या काळातील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे कंपनी कराची कपात. २० सप्टेंबर २०१९ रोजी जीएसटी परिषदेच्या बैठकीसाठी गोव्यात आलेल्या केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी पणजी येथे ती जाहीर केली. अन्य सवलती सोडून देणाऱ्या कंपन्यांसाठी मूळ करदर २२ टक्क्यांवर आणण्यात आला. अधिभार व उपकर धरून तो २५.१७ टक्के होतो. मोठ्या कंपन्यांवर त्यापूर्वी सुमारे ३५ टक्के भार पडत असे. १ ऑक्टोबर २०१९ नंतर स्थापन होणाऱ्या नव्या उत्पादक कंपन्यांसाठी मूळ दर अवघा १५ टक्के ठरला. या निर्णयापोटी वर्षाला सुमारे १ लाख ४५ हजार कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडावे लागेल, असे सरकारनेच सांगितले. त्याच दिवशी मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक १,९०० अंशांहून अधिक उसळला.

एवढ्या मोठ्या रकमेचा हा निर्णय अर्थसंकल्पात नव्हता. आर्थिक वर्षाच्या मध्यावर अध्यादेश काढून तो अमलात आला आणि संसदेची मोहोर त्यावर डिसेंबरमध्ये उमटली. तोवर बाजाराने आपला कौल देऊन टाकला होता.

निर्णयाच्या बाजूने मांडले गेलेले युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हते. अमेरिकेने डिसेंबर २०१७ मध्ये कंपनी कर ३५ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आणला होता. व्हिएतनाम व थायलंडमध्ये तो २० टक्के होता. चीनमधून बाहेर पडू पाहणारे कारखाने भारतात यावेत, तर येथील दर त्यांच्या जवळपास हवेत, हे म्हणणे समजण्यासारखे होते. शिवाय जुन्या पद्धतीत सवलतींचे इतके जंजाळ माजले होते, की मोठा नफा कमावणाऱ्या कंपन्यांवरील प्रत्यक्ष करभार अनेक वर्षे छोट्या कंपन्यांपेक्षा कमी पडत असे. सवलती कमी आणि दरही कमी, ही सुधारणा तत्त्व म्हणून योग्यच म्हणावी लागेल. प्रश्न तत्त्वाचा नाही, पाठपुराव्याचा आहे. किती गुंतवणूक झाली, किती रोजगार निर्माण झाले, यावर २२ टक्क्यांचा दर अवलंबून ठेवलेला नव्हता. कारखाना न उभारता, एकही नवा माणूस न नेमता कंपनीला तो घेता येत होता.

सरकारचाच दाखला

अपेक्षित फळ पदरात पडले का, याचे उत्तर विरोधकांच्या भाषणांत शोधण्याची गरज नाही. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या आर्थिक पाहणी अहवालाने ३३ हजारांहून अधिक कंपन्यांच्या आकडेवारीचा आधार घेऊन नमूद केले, की २०१९-२० ते २०२२-२३ या काळात त्यांचा करपूर्व नफा जवळजवळ चौपट झाला. नोकरभरती आणि पगारवाढ मात्र त्या वेगाने झाली नाही. पुढच्या वर्षीच्या पाहणीने तोच सूर लावला. २०२३-२४ मध्ये कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला, रोजगार मात्र दीड टक्क्याने वाढला, असा दाखला त्यात आहे. संसदेच्या अंदाज समितीनेही २०२२ मध्ये या करकपातीपोटी पहिल्या दोन वर्षांत मिळून सुमारे १ लाख ८४ हजार कोटींचा महसूल बुडाल्याची नोंद केली.

कंपनी कराचे उत्पन्न पुढे सावरले, हेही खरे. २०१८-१९ मध्ये ते ६ लाख ६३ हजार कोटी होते, ते २०२३-२४ मध्ये ९ लाख ११ हजार कोटींवर गेले. पण त्याच काळात वैयक्तिक प्राप्तिकराचे उत्पन्न पावणेपाच लाख कोटींवरून सुमारे साडेदहा लाख कोटींच्या घरात पोहोचले. या आकड्यात पगारदारांबरोबर व्यावसायिक आणि भागीदारी संस्थाही येतात, हे लक्षात घेतले तरी पारडे कोणत्या बाजूला झुकले, ते लपत नाही. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पानुसार सरकारच्या जमेच्या प्रत्येक रुपयात प्राप्तिकराचा वाटा २२ पैशांचा, तर कंपनी कराचा १७ पैशांचा धरण्यात आला होता. नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतचे उत्पन्न त्याच अर्थसंकल्पाने करमुक्त केले, तरीही हे चित्र पालटले नाही.

अप्रत्यक्ष करांची कथा याहून बोलकी आहे. कंपनी करातील कपातीनंतर आठ महिन्यांच्या आत, करोनाच्या साथीत जागतिक बाजारात खनिज तेलाचे भाव कोसळले. ग्राहकाला स्वस्ताई मिळण्याऐवजी मार्च आणि मे २०२० मध्ये पेट्रोल-डिझेलवरील उत्पादन शुल्क वाढवण्यात आले. पेट्रोलवरचे शुल्क लिटरला १९ रुपये ९८ पैशांवरून ३२ रुपये ९८ पैशांवर गेले. नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये ते कमी केले गेले. साथीच्या काळात सरकारला पैशाची निकड होती, यात शंका नाही. परंतु ती भागवण्यासाठी हात पुढे झाला तो दुचाकीवर कामाला जाणाऱ्याच्या खिशाकडे. कंपन्यांना दिलेल्या सवलतीचा फेरविचार करावा, असे त्या अडचणीच्या वर्षातही सरकारला वाटले नाही.

संपत्तीवरील करांचा इतिहासही याच दिशेने गेला आहे. १९५३ मध्ये आलेला मृत्युकर १९८५ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह अर्थमंत्री असताना रद्द झाला. १९५७ चा संपत्ती कर अरुण जेटली यांनी २०१५ च्या अर्थसंकल्पात मोडीत काढला. २०१३-१४ मध्ये त्यातून देशभरात जेमतेम १,००८ कोटी रुपये जमले होते आणि वसुलीचा व्याप मोठा होता, हे त्यामागचे कारण. त्याऐवजी एक कोटीहून अधिक उत्पन्न असणाऱ्यांवर दोन टक्के जादा अधिभार लावण्यात आला. हा बदल व्यवहार्य होता. पण पुढे २०२३ च्या अर्थसंकल्पाने नव्या करपद्धतीतील सर्वोच्च अधिभार ३७ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आणला आणि अतिश्रीमंतांवरील कमाल करभार ४२.७४ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर उतरला.

चौकशी कोणाची?

आता पहिल्या मार्गाकडे वळू. जुलै २०२२ मध्ये बुंदेलखंड द्रुतगती मार्गाच्या उद्घाटन समारंभात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी 'रेवडी संस्कृती'वर टीका केली. दोन वर्षांनी, विधानसभा निवडणूक तोंडावर असताना, महाराष्ट्रात त्यांच्याच पक्षाचा समावेश असलेल्या सरकारने 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना आणली. २१ ते ६५ वयोगटातील, अडीच लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असणाऱ्या महिलांना दरमहा दीड हजार रुपये देण्याच्या या योजनेचा वार्षिक खर्च ४६ हजार कोटींच्या आसपास जाईल, असा अंदाज होता. राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तिच्यासाठी ३६ हजार कोटींची तरतूद झाली. त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट ४५ हजार कोटींहून अधिक आणि कर्जाचा बोजा नऊ लाख कोटींच्या पुढे दाखवलेला होता. मते मागण्याआधी अर्ज सरसकट मंजूर करायचे आणि मते पडल्यावर निकष आठवायचे, ही पद्धत टीकेला पात्रच होती.

तरीही एक गोष्ट मान्य करावी लागेल. या योजनेचा हिशेब झाला. जून २०२५ पासून सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थींचा लाभ तात्पुरता थांबवल्याचे राज्य सरकारनेच जाहीर केले. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वच लाभार्थींना ई-केवायसी सक्तीचे झाले. घरी चारचाकी आहे का, उत्पन्न किती, पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक कोणता, अशा साऱ्या प्रश्नांची उत्तरे दीड हजार रुपयांसाठी द्यावी लागली. सार्वजनिक पैसा घेणाऱ्याने हिशेब द्यावा, हे तत्त्व बिनचूक आहे. ते लाखो रुपयांच्या सवलतीला का लागू नाही, एवढाच प्रश्न आहे.

याचे एक कारण आपल्या संसदीय रचनेत दडले आहे. अनुदानाची रक्कम दर वर्षी मागणीच्या रूपाने सभागृहापुढे येते. तिला लेखाशीर्ष असते, तिच्यावर मतदान होते, नंतर लोकलेखा समिती तिची तपासणी करू शकते. करसवलत मात्र एकदा कायद्यात शिरली, की मुदतीची अट नसल्यास वर्षानुवर्षे तेथेच राहते. २००६-०७ च्या अर्थसंकल्पापासून केंद्र सरकार सोडून दिलेल्या महसुलाचे विवरण प्रसिद्ध करते, ही मोठी सुधारणा होती. आधी त्याला 'सोडलेला महसूल' म्हणत, पुढे 'कर प्रोत्साहनांचा महसुलावरील परिणाम' असे सौम्य नाव मिळाले. जमेच्या अंदाजपत्रकाला जोडलेले हे परिशिष्ट सभागृहाच्या मताला येत नाही.

तपासणी झाली तर काय निघते, हे विशेष आर्थिक क्षेत्रांच्या बाबतीत दिसले. २००५ च्या कायद्याने या क्षेत्रांवर सवलतींची बरसात झाली. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी २०१४ मध्ये सादर केलेल्या अहवालानुसार, २००६-०७ ते २०१२-१३ या काळात त्यांना ८३ हजार कोटींहून अधिक करसवलती मिळाल्या. अधिसूचित ४५ हजार ६३५ हेक्टरपैकी प्रत्यक्ष काम मात्र सुमारे ६२ टक्के जमिनीवरच सुरू झाले होते. तपासलेल्या क्षेत्रांत रोजगाराची आश्वासने आणि प्रत्यक्ष रोजगार यांत प्रचंड तफावत आढळली. शेतकऱ्यांची जमीन गेली, महसूलही गेला, आणि हे कळले ते कायदा होऊन नऊ वर्षांनी.

गुप्तदानाचा महिमा

सवलतींच्या या मोकळिकीला राजकीय देणग्यांची जोड मिळाली, की नागरिकाचा संशय बळावतो. गुप्तदान आपल्याकडे पुण्याचे मानले जाते. २०१७ च्या वित्त विधेयकाने ते राजकारणात आणले. तोवर कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच राजकीय देणगी देता येत असे. ही मर्यादा काढून टाकण्यात आली आणि निवडणूक रोख्यांची योजना आली. देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकमेकांची ओळख पटण्यात कसलीच अडचण नव्हती. अंधारात राहत होता तो फक्त मतदार.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने एकमताने ही योजना घटनाबाह्य ठरवली आणि अमर्याद देणग्यांना मुभा देणारी दुरुस्तीही रद्द केली. तोवर सुमारे १६ हजार ५०० कोटींचे रोखे विकले गेले होते. त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या, एप्रिल २०१९ पासूनच्या तपशिलानुसार भारतीय जनता पक्षाने सहा हजार कोटींहून अधिक, तृणमूल काँग्रेसने सुमारे १,६०० कोटी, तर काँग्रेसने सुमारे १,४०० कोटींचे रोखे वटवले. कोणत्या देणगीच्या बदल्यात कोणता निर्णय झाला, याचा शोध घेण्यासाठी विशेष तपास पथक नेमण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये अमान्य केली. त्यामुळे देणगी आणि सवलत यांचा संबंध सिद्ध झाला आहे, असे कोणालाही म्हणता येणार नाही. पण संबंध नाही, हे जनतेला पटवून देण्याची सोयही सात वर्षांच्या या पडद्याने काढून घेतली.

गुंतवणूक हवी असेल तर काही सवलती द्याव्याच लागतील. महाराष्ट्राची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून चालत आली आहे आणि मुंबई-पुण्याबाहेर कारखाने नेण्यात तिचा वाटा आहे. कल्याणकारी योजनाही चालूच राहतील. प्रत्येक सवलतीला मुदत असावी, ती कशासाठी दिली ते कायद्यात लिहिलेले असावे आणि मुदत संपताना फळाचा हिशेब सभागृहापुढे यावा, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. सवलत घेणाऱ्या कंपनीच्या वार्षिक अहवालात घेतलेली रक्कम, निर्माण केलेले रोजगार आणि दिलेली राजकीय देणगी या तीन नोंदी शेजारी शेजारी छापणे सक्तीचे केले, तर वाचकाला निष्कर्ष स्वतःच काढता येईल.

दर वर्षी फेब्रुवारीत अर्थसंकल्पाच्या गठ्ठ्यात सोडलेल्या महसुलाचे परिशिष्ट खासदारांच्या हाती पडते. कोणत्या वस्तू स्वस्त आणि कोणत्या महाग, यावर दिवसभर चर्चा झडते. हे परिशिष्ट बहुधा उघडलेही जात नाही. अधिवेशनातील एक दिवस त्यासाठी राखून ठेवण्यास कोणताही कायदा आड येत नाही. सत्ताधारी आणि विरोधी, दोन्ही बाकांवर रोख्यांचे लाभार्थी बसलेले असताना ती मागणी करायला पहिल्यांदा कोण उठते, हे पाहावे लागेल.