डिंगी कुणाच्या जिवावर?

चार मित्र मिळून सेकंडहँड यॉट घ्यायला निघाले की काय काय बघतात? इंजिन, सोफा, फ्रिज आणि म्युझिक सिस्टीम. डिंगीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मग पहिल्याच वीकएण्डला किहीमसमोर नांगर पडतो, किनारा हाताच्या अंतरावर दिसतो आणि साक्षात्कार होतो की, बॉस, तिथं कोरड्या कपड्यांनी पोचायचं तर ती पिटुकली होडीच हवी! यॉट म्हणजे बंगला असेल, तर डिंगी म्हणजे तिथून स्टेशनपर्यंत नेणारी रिक्षा.

आता ही रिक्षा पार्क कुठं करायची? मागे दोरीने ओढत न्यावी तर लाटांत उलटते, नाहीतर दोर पंख्यात अडकतो. म्हणून पन्नास-साठ फुटी मोटर यॉटवर ती बऱ्याचदा छोट्या क्रेनने उचलून पुढच्या डेकवर, म्हणजे नाळेकडे ठेवतात. फोटोत झकास दिसते. पण अख्ख्या बोटीत सगळ्यात जास्त वरखाली होते ती नेमकी हीच जागा. सी-सॉच्या टोकावर बसल्यासारखं!

माझ्या एका मित्राच्या यॉटवर डिंगी अशीच विराजमान होती. चार रॅचेट पट्टे, करकचून आवळलेले. ‘बघ, हलतेय का?’ म्हणत त्याने लाथ मारून दाखवली. नाही हलली. मी खाली केबिनमध्ये गेलो आणि छताचं पॅनेल उघडायला लावलं. कारण पट्टा कितीही भारी असो, तो ज्या कडीत अडकवलाय ती कडी कशाच्या आधाराने उभी आहे, हा खरा प्रश्न. वरून चकाचक स्टीलची कडी आणि खाली? नुसते स्क्रू!

फायबरग्लासचा डेक बहुतेकदा सँडविचसारखा असतो. वर-खाली फायबरचे पातळ थर, मध्ये बाल्साचं हलकं लाकूड किंवा फोम. स्क्रू धरतो तो फक्त वरचा थर. इंजिनासकट दीडशे किलोची डिंगी लाटेवर आपटून झटके देऊ लागली की स्क्रू तरी किती तग धरणार? शिवाय नाळेवर चढलेलं पाणी तिला खालून उचलायला बघतं, ते वेगळंच.

उपाय काही रॉकेट सायन्स नाही. स्क्रूऐवजी आरपार बोल्ट. डेकच्या खालून जाड प्लेट, म्हणजे ओढ मोठ्या भागावर वाटली जाते. भोक आधी मोठं पाडायचं, इपॉक्सीने भरायचं आणि त्यातून बोल्टपुरतं नवं भोक पाडायचं, म्हणजे आतलं लाकूड पाणी पिऊन कुजत नाही. डिंगीच्या बुडाच्या आकाराचे आधारही असेच बोल्टने बसवायचे. वजन त्या कडक बुडावर यायला हवं, हवेच्या ट्यूबवर नाही. पट्टे पॉलिएस्टरचे. नायलॉन ताणतं, म्हणून ते नांगराच्या दोराला उत्तम, इथं नको. दोन पुढे, दोन मागे, खाली आणि तिरके ओढलेले. उन्हात ट्यूब फुगतात, गार पाणी उडालं की आक्रसतात आणि पट्टे सैल पडतात. तेव्हा निघाल्यावर अर्ध्या तासाने, पाणी शांत असतानाच, पुन्हा आवळा. बुडाचं बूच काढून ठेवा, कारण दोनशे लिटर पाणी साचलं तर दोनशे किलो वाढले. (डिंगी पाण्यात सोडण्यापूर्वी बूच लावायलाही विसरू नका!)

आणि हो, डिंगीखाली पुढच्या केबिनची झडप झाकली जात नाही ना, ते बघा. आग लागली तर आतल्यांची सुटकेची वाट तीच. सुकाणूवरून समोरचं दिसायलाही हवं. टक्कर टाळण्याच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांत सतत नजर ठेवणं बंधनकारक आहे. ‘मध्ये डिंगी होती’ ही सबब चालत नाही.

मित्र वैतागला. ‘दोन वीकएण्ड फुकट जातील यार, एवढ्या चार स्क्रूंसाठी?’ मी एवढंच विचारलं, ‘मार्च-एप्रिलच्या दुपारी किहीमहून परतताना वायव्येचा वारा तोंडावर असतो. तेव्हा कडी उपटली, तर डिंगी पकडायला पुढे कोण जाणार? तू?’ तो गप्प झाला. जाणार होता त्याचा विशीतला खलाशी. महिन्याच्या पगारावर, ओल्या डेकवर, दीडशे किलो सुट्या वजनासमोर. पार्टी पुढे ढकलली गेली आणि बोल्ट बसले.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कुणी यॉटवर बोलावलं तर शॅम्पेनचा ब्रँड नंतर विचारा. आधी खाली जाऊन छताचं पॅनेल उघडायला सांगा. यजमान जरा चमकेल. चमकू दे! खलाशी मात्र गालातल्या गालात हसेल.