तिकीट स्वस्त, घाई महाग

ऑफिसात भरदुपारी चार-पाच जण एकाच मॉनिटरभोवती गोळा झाले की समजावं, कुठल्यातरी एअरलाइनचा सेल लागलाय. तीन महिन्यांनंतरचा गोवा, एसी स्लीपर बसच्या भावात! बॉसची परवानगी नंतर, आधी कार्ड बाहेर.

माझा या सेलवर राग नाही बरं का. २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांनी एअर डेक्कन काढली, पुढे चक्क एक रुपयाची तिकिटं विकली, तेव्हा कुठे विमान हा ‘साहेब लोकांचा’ मामला राहिला नाही. मग २००५ मध्ये स्पाइसजेट, २००६ मध्ये इंडिगो. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या आईवडिलांचा पहिला विमानप्रवास यांच्याच निळ्या-लाल सीटवर झालाय. हे श्रेय द्यायलाच हवं.

पण हा स्वस्ताईचा हिशोब नेमका कुणासाठी आहे, ते माझ्या करकंबच्या मित्राकडून ऐका. करकंब म्हणजे पंढरपूर तालुक्यातलं, बाजार आमटीवाल्यांचं गाव. (खाल्ली नसेल तर तुमचं आयुष्य अजून सुरू व्हायचंय.) गडी बेंगळुरूत आयटीत. दिवाळीचं तिकीट जुलैतच काढून मोकळा होतो आणि वर आम्हाला टोमणे मारतो. एकदा मात्र रात्री घरून फोन आला, ‘आजोबांना दवाखान्यात नेलंय, निघ.’ दुसऱ्या दिवशीच्या पुणे फ्लाइटचा भाव त्याच्या दिवाळीच्या तिकिटाच्या चौपट! त्यातल्या त्यात परवडेल अशी होती ती रात्री उशिराची. ती सुटली आणखी दीड तास लेट. लोहगावला उतरला तेव्हा स्वारगेटची एसटी कधीच गेलेली. मग टॅक्सी, सोलापूर हायवे, टेंभुर्णीला वळण आणि पहाटे करकंब. टॅक्सीचं बिल विमानाच्या तिकिटाला टक्कर देणारं. आजोबा भेटले, बरेही झाले, पण हा पुढचे दोन महिने मेसचा डबा खात होता.

यात कुणी त्याला फसवलं का? नाही. हा धंदाच असा चालतो. विमानातल्या सीट्स वेगवेगळ्या भावांच्या गठ्ठ्यांत विकतात. स्वस्त गठ्ठा आधी संपतो आणि शेवटचा महागडा गठ्ठा राहतो ज्याला जाणं भागच आहे त्याच्यासाठी. सॉफ्टवेअरला बिझनेस मीटिंग आणि दवाखाना यातला फरक कळत नाही. म्हणजे सेलमधली आपली गोवा ट्रिप थोडीफार त्या शेवटच्या सीटवाल्याच्या खिशातूनही चालते, राव.

आणि लेट होण्याचं काय? तर जिच्यामुळे तिकीट स्वस्त, तीच गोष्ट लेट करते. या कंपन्या शक्यतो एकाच जातीची विमानं घेतात, म्हणजे पायलट, मेकॅनिक, स्पेअर पार्ट सगळं एकसारखं. विमान उतरलं की अर्ध्या तासात पुन्हा हवेत, कारण जमिनीवरचं विमान कमवत नाही. एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या मारतं. सकाळी दिल्लीत धुकं पडलं की त्याचा हप्ता रात्री पुण्यात भरायचा! म्हणून माझा नियम साधा आहे. महत्त्वाचं काम असेल तर पहाटेची पहिली फ्लाइट. झोप जाते, पण आदल्या फेऱ्यांचा उशीर डोक्यावर नसतो.

फारच ताणलं की काय होतं, ते डिसेंबर २०२५ मध्ये सगळ्या देशाने पाहिलं. पायलटांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले, इंडिगोकडे पुरेशी तयारी नव्हती आणि ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून जास्त फ्लाइट्स रद्द झाल्या. पुण्यातही लोक बॅगांवर डोकं टेकून झोपले होते. बाकी कंपन्यांचे भाव इतके भडकले की सरकारला तात्पुरती मर्यादा घालावी लागली, ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये. त्याआधी मे २०२३ मध्ये गो फर्स्ट तर एका रात्रीत जमिनीवर आली. तिकीटवाले रिफंडसाठी रांगेत.

तेव्हा दोन-तीन गोष्टी पाठ करून ठेवा. फ्लाइट सहा तासांपेक्षा जास्त लेट होणार असेल तर दुसरी फ्लाइट किंवा पूर्ण पैसे परत, यातलं काय हवं ते तुम्ही सांगायचं. दोन वेगळ्या कंपन्यांची तिकिटं जोडून प्रवास आखला आणि पहिली लेट झाली, तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही की पैसे देत नाही. आणि सात किलोची हँडबॅग घरच्या काट्यावर तोला. चिवड्याचा डबा धरून!

आता करकंबकरांसाठी नवी आशा सोलापूरची आहे. विमानांना आडवी येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली, त्यावरून गावभर भांडणं झाली. ९ जून २०२५ ला फ्लाय ९१ ने गोव्याची सेवा सुरू केली, ऑक्टोबरमध्ये स्टार एअरने मुंबईची. पुण्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर विमान! मित्र खूश. मी जरा सावध आहे. सोलापूरने याआधी किंगफिशरही पाहिलीय, आली तशी गेली. छोट्या शहरातून दिवसाला एखादीच फ्लाइट असते, ती रद्द झाली की पुढची थेट उद्या किंवा परवा. आणि कंपनीचा हात आखडला की अशा गावांच्या फेऱ्या सगळ्यात आधी कमी होतात. सीट्स भरल्या तरच त्या टिकणार, आणि भाव बसला तरच सीट्स भरणार.

मित्राने यंदाची दिवाळी जुलैतच बुक केलीय, नेहमीसारखी. शिवाय पगारातून दरमहा थोडे पैसे वेगळ्या खात्यात टाकतो. खात्याला नाव दिलंय ‘रात्रीचा फोन’. आजी ब्याऐंशीची आहे.