पोह्याचा ठेला हटवण्याआधी

भिलाईतील बाजारांचा कायापालट करताना ठेलेवाल्यांना हुसकावून साखळी फास्टफूड दुकानांना मोकळे रान देणे आम्हाला मान्य नाही.

सुपेला, पॉवर हाऊस, सिव्हिक सेंटर येथील रस्ते मोकळे आणि स्वच्छ हवेत, याबद्दल वाद नाही. पण हे तिन्ही पाळ्यांत चालणाऱ्या पोलाद कारखान्याचे गाव आहे. पहाटे पाळीवर निघालेल्या कंत्राटी कामगाराला पोहे-जिलेबी आणि चहा मिळतो तो ठेल्यावरच. बर्गर-पिझ्झाच्या दुकानाचे काचेचे दार तेव्हा बंद असते. उघडल्यावरही तिथला दर त्याच्या खिशाला पेलत नाही. ठेला हटला की त्याची न्याहारीच हटते, आणि ठेलेवाल्याच्या घरची चूलही.

पथविक्रेता कायदा २०१४ चा आहे. त्यानुसार विक्रेत्यांचे सर्वेक्षण पूर्ण झाल्याशिवाय कुणालाही हटवता येत नाही. त्यानंतरही ३० दिवसांची नोटीस बंधनकारक आहे. टाउनशिपची जमीन कारखान्याची असली, तरी तिथला विक्रेता बेवारस ठरत नाही. महानगरपालिका आणि कारखान्याचे नगर प्रशासन यांनी एकत्र बसून विक्रीक्षेत्रे जाहीर करावीत, तिथे पाणी व कचराकुंडीची सोय करावी. तोवर जेसीबी आगारातच राहिला पाहिजे.