लाल अंडे आणि खुडूक कोंबडी



भाताची झोडणी उरकली, खळ्यावर सांडलेले दाणे टिपून कोंबड्यांनी अंग धरले, की शहापूर-मुरबाडच्या पाड्यापाड्यांत अंडी साठू लागतात. मग अंडी घ्यायला व्यापारी येतो. पूर्वी तो अंडे कानाशी हलवून पाही, उन्हाकडे धरून पाही. आता फक्त रंग पाहतो. तांबडे असेल तर 'गावठी' म्हणून भाव, फिकट असेल तर तोंड वाकडे. कल्याण-ठाण्याच्या गिऱ्हाइकाला लालच अंडे हवे, असे तो सांगतो. आपल्या बायाबापड्या काय करणार? ज्या कोंबडीचे अंडे फिकट ती सुरीखाली जाते, आणि शेजारच्या वाडीतून संकरित कोंबडा आणला जातो, म्हणजे पुढची अंडी लाल होतील.

दहा-बारा वर्षे हे चालू आहे. त्यात आपण काय घालवत आहोत याचा हिशेब कोणी मांडलेला नाही, म्हणून या अंकाचे संपादकीय कोंबडीवर. भात, नागली, भाजीपाला सोडून हे काय, असे काहींना वाटेल. पण घरातल्या बाईच्या हातात थेट पडणारा पैसा बहुतेक पाड्यांत एवढाच आहे. पोराची वही, दवाखान्याची वाट, बाजाराचे मीठमिरची त्यातूनच निघते.

आधी रंगाचे बघू. कोंबडीच्या पोटात अंड्यावर कवच चढायला वीसेक तास लागतात, आणि तांबूस रंग बहुतांशी शेवटच्या काही तासांत वरून चढतो. त्या द्रव्याला प्रोटोपॉर्फिरिन म्हणतात. म्हणूनच लाल अंडे फोडले तर कवच आतून फिकट असते. रंग किती गडद हे मुख्यतः जातीवर ठरते. त्याचा पौष्टिकतेशी संबंध नाही. बलक पिवळाधमक होतो तो हिरवा पाला नि मका खाल्ल्याने, त्याचाही कवचाशी संबंध नाही. एकच कोंबडी वेताच्या सुरुवातीला गडद अंडे देते, अंडी देत गेली की रंग उतरतो. आजार, भीती, उन्हाचा तडाखा यांनीही उतरतो. फ्रान्समध्ये मारां नावाच्या कोंबडीचे अंडे चॉकलेटइतके गडद असते. हौशी पाळणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तो रंग टिकवला. तीसुद्धा अंडी देत गेली की रंग फिका होतो, हे तिथले लोक जाणतात आणि हंगामातल्या सुरुवातीच्या अंड्याशी शेवटच्या अंड्याची तुलना करत नाहीत. आपल्या झाबुव्याच्या कडकनाथाचे मांस काळे, हाडे काळी. २०१८ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पण त्याचे अंडे काही काळे नसते, फिकट तांबूस असते. 'काळे अंडे' म्हणून कोणी विकत असेल तर त्याला हात जोडावेत. कडकनाथाच्या नावाखाली सांगली जिल्ह्यात शेतकऱ्यांची किती फसवणूक झाली हे २०१९ साली सगळ्या महाराष्ट्राने पाहिले आहे.

आता गंमत पाहा. आपल्या खऱ्या गावठी कोंबडीचे अंडे मलईच्या रंगापासून फिक्या तांबूसपर्यंत कसेही असते, आणि लहान असते. बाजारातले एकसारखे गडद, टपोरे लाल अंडे बहुतेक वेळा पिंजऱ्यातल्या, वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देणाऱ्या विलायती वंशाच्या कोंबडीचे असते. चहाच्या पाण्यात अंडी रंगवून विकल्याच्या बातम्याही अधूनमधून येतात. म्हणजे गावठीपणाची खूण म्हणून व्यापाऱ्याने जी निवडली ती गावठीला सोडून बाकी सगळ्यांना लागू पडते. आणि त्या खुणेसाठी आपण आपले बेणे मोडतो आहोत.

बेणे मोडते म्हणजे काय, ते मला टोकावड्याच्या पुढे माळशेजच्या पायथ्याशी एका ठाकर आजीने शिकवले. एका योजनेत तिला सुधारित जातीची पिल्ले मिळाली होती. आम्हीच अर्ज भरून दिला होता, तेव्हा दोष आमचाही. पिल्ले वाढली, अंडी छान लाल, गावठीच्या दुप्पट-तिप्पट. वर्षभर आजी खूश. दुसऱ्या वर्षी गेलो तर खुराड्यात दोनच कोंबड्या. काही घारीने नेल्या, काही मुंगसाने, उरलेल्या विकल्या. "नवी पिल्लं का नाही काढलीस?" मी विचारले. ती म्हणाली, "दादा, तुमची कोंबडी अंडं टाकते आन् निघून जाते. तिला आई व्हायचंच ठावं नाही."

शेतीची पदवी घेताना कोंबडी खुडूक होणे हा मी दोष म्हणून शिकलो होतो. खुडूक कोंबडी अंडी देत नाही, खाऊन मात्र बसते. त्यामुळे जास्त अंड्यांसाठी निवड करताना खुडूकपणा काढून टाकतात. ज्याच्याकडे वीज आणि उबवणी यंत्र आहे त्याचा हिशेब बरोबर आहे. पाड्यावर मात्र उबवणी यंत्र म्हणजे तीच खुडूक कोंबडी. दहा-बारा अंडी, एकवीस दिवस, एक डालगे आणि थोडा पेंढा. पिल्ले निघाल्यावर वाळवी कुठे सापडते, घारीची सावली आली की कुठे दडायचे, हेही तीच शिकवते. वर्षाला साठ-सत्तर अंडी देणारी ही कोंबडी पुढची पिढी फुकट देते. सुधारित कोंबडी अंडी जास्त देते आणि पिल्लांसाठी दरवर्षी दुसऱ्याच्या दारात उभे करते. संकरित बियाण्याचा अनुभव घेतलेल्यांना यापुढे सांगायची गरज नाही.

म्हणून लाल अंडे नकोच, असे मी म्हणत नाही. भाव मिळतो तर घ्यावा. पण रंग आपल्याच कोंबड्यांतून काढावा. प्रत्येक घरात एखादी तरी कोंबडी असते जिचे अंडे इतरांपेक्षा गडद असते. तिच्या पहिल्या दहा अंड्यांवर कोळशाने खूण करा. ती नीट खुडूक बसते का, पिल्ले जगवते का, हे एक वेत पाहा. तीनही गोष्टी जुळल्या तर तिची अंडी विकू नका, रवणाला ठेवा. सात दिवसांच्या आतली, निमुळते टोक खाली करून गार जागी ठेवलेली अंडीच बसवा. आठव्या दिवशी रात्री बॅटरीच्या उजेडात पाहा, शिरा दिसत नसतील ते काढा. आणि कोंबड्याकडे लक्ष द्या. अंडे तो देत नसला तरी मुलीच्या अंड्याच्या रंगात त्याचा वाटा आईइतकाच असतो. तेव्हा गडद अंड्याच्या कोंबडीचा नर राखा, आठ-दहा कोंबड्यांना एक पुरे, आणि त्याला बहिणींत न ठेवता दुसऱ्या पाड्याच्या नराशी अदलाबदल करा. रंग दोन-तीन पिढ्यांत थोडा सरकेल, मारांसारखा होणार नाही. घाई करणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

हे सगळे मानमोडीपुढे फुकट आहे. उन्हाळा लागला की राणीखेत येतो आणि अख्खा पाडा साफ करतो. पिल्लू आठवड्याचे असताना लासोटाचा थेंब, आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-२-बीची सुई, एवढे केले तर कोंबड्या वाचतात. अडचण लशीची नाही, कुपीची आहे. कुपी शंभर डोसांची, घरात कोंबड्या सहा, आणि एकदा कालवलेली लस तासा-दोन तासांत संपवावी लागते. तेव्हा पाड्याने एकच दिवस ठरवायला हवा, बर्फाच्या थर्मासात लस आणायला एकाने शहापूर किंवा मुरबाडला जायला हवे. जिथे बचत गटाच्या बायकांनी हे अंगावर घेतले तिथे ते होते. पुरुषांच्या बैठकीत नुसता ठराव होतो.

दुसरा धोका फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्या दारात आला होता. शहापूर तालुक्यात वेहळोलीला सुमारे शंभर पक्षी मेले, बर्ड फ्लूचे निदान झाले, आणि एक किलोमीटरच्या आतले सुमारे पंचवीस हजार पक्षी नष्ट करण्याचा निर्णय झाला. रोग थोपवायला ते करावेच लागते. पण जपलेला वंश एकाच गावात असेल तर तो एका दिवसात संपतो. चांगल्या कोंबडीची पिल्ले किन्हवली, डोळखांब, सरळगाव, धसई अशी लांब लांब द्या ती यासाठी. भरपाईच्या तक्त्यात गावठी कोंबडीला तिचा बाजारभाव धरावा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. तिला लेअर-ब्रॉयलरच्या मापाने मोजणे म्हणजे हापूसला रायवळचा दर लावणे.

सरकारकडे पैसा नाही असे नाही. २०२१ पासून राष्ट्रीय पशुधन अभियानात ग्रामीण कुक्कुटपालनाला खर्चाच्या निम्मे, पंचवीस लाखांपर्यंत अनुदान आहे. अट किमान एक हजार मातृपक्ष्यांची आणि आठवड्याला तीन हजार अंडी उबवणाऱ्या यंत्राची. उरलेला निम्मा खर्च उभा करणारी बाई पाड्यावर कोणी पाहिली असेल तर मला दाखवा. आपल्याच राज्यात नंदुरबारकडची बुसरा कोंबडी कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने जात म्हणून नोंदली आहे. तीही आदिवासींच्याच अंगणातली, तीही खुडूक बसणारी. आपल्या दोन तालुक्यांतल्या कोंबडीची पाहणी करा, तिचे वजन, अंडी, रंग लिहून घ्या, एवढे तरी पशुसंवर्धन खात्याकडे मागायला पैसे लागत नाहीत.

आणि ती पाहणी आपण आधी सुरू करू. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक पाड्याने खूण केलेली तीन अंडी आणावीत, भुश्यात नीट बांधून. सोबत चिठ्ठी: कोंबडी कुणाची, वर्षात किती वेळा खुडूक बसली, किती पिल्ले निघाली, किती जगली. लिहिता येत नसेल त्यांचे आम्ही लिहून घेऊ. नर बदलायचे असतील त्यांनी ते पाय बांधून आणावेत, पण पाड्यात मर लागली असेल तर कोंबडा सोडाच, अंडीही आणू नयेत.