टपाली मतदान : सवलत की हक्क?

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२४मध्ये राज्यघटनेतील दुरुस्तीला कौल दिला आणि कोणतेही कारण न देता टपालाने मत देण्याची मुभा देणाऱ्या कायद्याचा मार्ग मोकळा केला. शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये अशीच दुरुस्ती २०२१ साली मतदारांनीच फेटाळली होती. भारतात घटक राज्यांना स्वतंत्र राज्यघटना नाही. लोकसभा व विधानसभा निवडणुकांसंबंधी कायदे करण्याचा अधिकार अनुच्छेद ३२७ अन्वये संसदेकडे आहे. त्यामुळे आपल्याकडे हा विषय घटनादुरुस्तीचा नसून १९५१चा लोकप्रतिनिधित्व कायदा आणि १९६१चे निवडणूक संचालन नियम यांचा आहे. मूळ प्रश्न मात्र तोच आहे. मतदान केंद्रापर्यंत पोहोचू न शकणाऱ्या नागरिकाच्या मताचे काय करायचे?

पुणे शहराला हा प्रश्न विशेष लागू होतो. पुणे लोकसभा मतदारसंघात २०१९मध्ये सुमारे ५० टक्के, तर २०२४मध्ये सुमारे ५४ टक्के मतदान झाले. न आलेला प्रत्येक मतदार उदासीन होता, असे म्हणणे सोपे असले तरी न्याय्य नाही. शहरात शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या अनेकांची नावे आजही गावच्या यादीत आहेत. २०२४मध्ये सोलापूर, सातारा, सांगली, कोल्हापूर येथे ७ मे रोजी, मंगळवारी मतदान होते. कायद्याने मतदाराला त्या दिवशी पगारी सुट्टी मिळते. परंतु एका दिवसात गावी जाऊन परतणे अनेकांना शक्य नसते. अशांनी पुण्यात नाव नोंदवावे, हे उत्तर कायद्याला धरून आहे. मात्र दरवर्षी भाड्याची खोली बदलणाऱ्या कामगाराला ते कितपत परवडते, याचाही विचार व्हायला हवा.

सध्या टपाली मतदानाची मुभा ठराविक वर्गांनाच आहे. सैन्यदलांतील मतदार, निवडणूक कामावरील कर्मचारी, स्थानबद्ध व्यक्ती आणि आयोगाने अधिसूचित केलेल्या अत्यावश्यक सेवांतील कर्मचारी यांचा त्यात समावेश होतो. ऑक्टोबर २०१९मध्ये नियम बदलून ८० वर्षांवरील ज्येष्ठ व दिव्यांग मतदारांना घरून मत देण्याची सोय झाली. मार्च २०२४मध्ये ही वयोमर्यादा वाढवून ८५ करण्यात आली. दिव्यांगत्व किमान ४० टक्के असावे लागते. म्हणजे ८२ वर्षांच्या अंथरुणाला खिळलेल्या आजींकडे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र नसेल, तर त्यांना घरबसल्या मत देता येत नाही. शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात दाखल झालेल्या साठीच्या गृहस्थांनाही ही सोय नाही.

जून २०२२मध्ये राज्यसभा व विधान परिषद निवडणुकीसाठी कसब्याच्या आमदार मुक्ता टिळक आणि चिंचवडचे आमदार लक्ष्मण जगताप गंभीर आजारी असताना रुग्णवाहिकेतून मुंबईला गेले. त्या निवडणुकांचे नियम वेगळे आहेत. तरीही मतासाठी आजारी माणसाला किती यातायात करावी लागते, हे त्या प्रसंगाने राज्यासमोर आले. सामान्य रुग्णाच्या मागे अशी यंत्रणा उभी नसते.

मग सर्वांनाच टपाली मतदान का नको? यातील पहिली अडचण गुप्ततेची आहे. मतदान केंद्रात मतदार एकटा असतो. घरी मात्र कुटुंबप्रमुख, मालक किंवा स्थानिक कार्यकर्ता शेजारी उभा राहू शकतो. सध्याच्या गृहमतदानात अधिकाऱ्यांचे पथक घरी जाते व प्रक्रियेचे चित्रीकरण होते. लाखो मतदारांसाठी हे करणे अशक्य आहे. दुसरी अडचण अचूकतेची आहे. टपाली मतासोबतच्या घोषणापत्रावर सही वा साक्षांकन राहिले, तर ते मत बाद होते. मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघात २०२४मध्ये यंत्रांवरील मतांत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मते मिळवल्यावर रवींद्र वायकर ४८ मतांनी विजयी झाले. इतक्या निसटत्या लढतीत टपाली मतांची छाननी हाच वादाचा विषय ठरतो.

दूरस्थ मतदान यंत्राचा पर्याय निवडणूक आयोगाने मांडला होता. एका यंत्रावर ७२ मतदारसंघांचे मतदान शक्य होईल, असा त्याचा दावा होता. जानेवारी २०२३मध्ये राजकीय पक्षांसमोर तो ठेवला गेला, तेव्हा विरोधी पक्षांनी आक्षेप घेतले आणि २०२४ची निवडणूक जुन्याच पद्धतीने झाली.

अशा स्थितीत मधला मार्ग व्यवहार्य वाटतो. निवडणूक कर्मचारी २०२३च्या नियमबदलानंतर सुविधा केंद्रातच टपाली मत देतात. हीच पद्धत मोठ्या रुग्णालयांतील रुग्ण व त्यांच्या सोबत्यांसाठी वापरता येईल. मतपत्रिका टपालाची, पण आडोसा आणि पहारा मतदान केंद्राचा, अशी ही रचना असेल. वयाची अट पुन्हा ८०वर आणणे हा याहून सोपा बदल आहे.

महापालिका निवडणुकांबाबत तर दिल्लीकडे पाहण्याचेही कारण नाही. अनुच्छेद २४३-झेडए अन्वये हा अधिकार राज्य विधिमंडळाचा आहे. गुजरातने २०११च्या सुमारास महापालिकांसाठी ऑनलाइन मतदानाचा, तर बिहारने २०२५मध्ये नगरपालिकांसाठी मोबाइलवरील मतदानाचा प्रयोग केला. पुणेकरांना २०१७नंतर महापालिकेसाठी मत देण्याची संधी थेट १५ जानेवारी २०२६ रोजी मिळाली. चार सदस्यांच्या प्रभागात एकेका मतदाराला चार मते द्यायची असल्याने टपाली मतपत्रिका गुंतागुंतीची होईल, हे खरे. पण नऊ वर्षांनी आलेली संधी आजारपणामुळे हुकलेल्या मतदाराला हे कारण पटणार नाही. पुढील निवडणुकीपूर्वी त्याची सोय करणे विधिमंडळाच्या हातात आहे.