नागीण दिसली की तीन दिवसांच्या आत दवाखाना गाठा



छातीवर, पाठीवर, कमरेवर किंवा कपाळावर एकाच बाजूला आग होऊन पाण्याच्या फोडांचा पट्टा उठला, तर पहिला फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. खालचं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं मात्र लक्षात ठेवा.

नागीण म्हटलं की आपल्याकडे घरात आधी भीती शिरते. तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो, हे प्रत्येकाने लहानपणीच ऐकलेलं असतं. त्या भीतीपायी पाय दवाखान्याकडे न वळता नागीण उतरवणाऱ्याकडे वळतात. गेरू फासला जातो, दूर्वा आणि तांदूळ वाटून लेप लावला जातो, मंत्र टाकून घेतला जातो. दोन-चार आठवड्यांत फोड सुकतात आणि गुण आला म्हणून सगळे निश्चिंत होतात. पण फोड काहीही न लावतासुद्धा बहुतेकांचे सुकतातच. लेपात आणि मंत्रात जातात ते औषधाचे मोलाचे दिवस.

तोंड-शेपूट जुळण्याची भीती मनातून काढून टाका. नागीण आणि कांजिण्या यांचा विषाणू एकच. लहानपणी कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो अंगातून जात नाही. मणक्याशेजारच्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये वर्षानुवर्षं दडून बसतो. वय पन्नाशीपुढे गेलं, साखर वाढली, कॅन्सरचे उपचार किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असल्या, कोणत्याही कारणाने प्रतिकारशक्ती घटली, की एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने तो कातडीपर्यंत येतो. तो मज्जातंतू अंगाच्या एकाच बाजूला पसरलेला असतो, म्हणून पट्टा मधल्या रेषेशी येऊन थांबतो. क्वचित कुणाच्या सर्वांगावर फोड येतात. अशा माणसाची प्रतिकारशक्ती फार खालावलेली असू शकते, म्हणून त्याला त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यावं.

धोका खरा आहे तो मागे राहणाऱ्या दुखण्याचा. माझ्याकडे येणाऱ्या सत्तरीच्या एका आजींना आजही लुगड्याचा पदर उजव्या कुशीला घासलेला सोसत नाही. कातडीवर आता फक्त पुसट डाग आहेत, आत मात्र विजेचे झटके बसावेत तशा कळा येतात. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा गेरूचा थर इतका जाड होता की खाली काय आहे हेच दिसेना. कोमट पाण्याच्या घड्या ठेवून तो भिजवत भिजवत काढला, तर खालचे फोड पिकून त्यात पू झालेला. औषधाचा ऐन काळ तोवर निघून गेला होता. वय जितकं जास्त, तितकी ही कळ महिनोन्‌महिने रेंगाळण्याची शक्यता जास्त.

औषध साधं आहे. एसायक्लोव्हिरची गोळी, मोठ्या माणसाला सहसा ८०० मिलीग्रॅम दिवसातून पाच वेळा, सात दिवस. ती वेळेवर सुरू झाली तर नवे फोड लवकर थांबतात आणि सुरुवातीचं दुखणं कमी होतं. पुढे कळ राहणारच नाही अशी हमी मी देणार नाही, पण हातात असलेला उपाय वेळेत करायलाच हवा. त्याच नावाचं मलम चोळून नागीण आटोक्यात येत नाही. हे औषध वापरात आलं १९८० च्या दशकात. त्यामागच्या संशोधक गर्ट्रूड एलियन १९८८ च्या नोबेलच्या मानकरी ठरल्या. आपल्या आजी-पणजीपाशी गेरूशिवाय काहीच नव्हतं, त्यांना दोष कसा द्यायचा? आपल्यापाशी मात्र औषध आहे.

गावोगावी नागीण उतरवणाऱ्या वडीलधाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. माणसं तुमच्याकडे विश्वासाने येतात आणि बहुतेक वेळा आमच्याआधी येतात. तुम्ही मंत्र म्हणा, धीर द्या, पण फोडांवर काही लावू नका आणि “आधी गोळी सुरू कर, मग माझ्याकडे ये” असं सांगा. तुमच्या तोंडच्या या एका वाक्याने जे होईल ते आमच्या दहा भाषणांनी होणार नाही.

नागिणीबरोबरच कातडीच्या इतर दुखण्यांबद्दल आणि त्यांवर मेडिकलमधून परस्पर आणलेल्या ट्यूबबद्दलही बोललं पाहिजे. खाज, नायटा, पुळी, काहीही असो, स्टेरॉइड मिसळलेलं तेच मलम घरोघर फिरतं. २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी ती मिळतात. त्यांनी लाली दबते आणि जंतुसंसर्ग आत वाढत राहतो. लहान मुलाच्या नाकातोंडाभोवती मधासारखी पिवळी खपली धरली असेल तर तो जिवाणूंचा संसर्ग आहे, त्याला अँटिबायोटिक लागतं. अशा मुलाचं तोंड काही आठवड्यांनी सुजलं किंवा लघवी काळपट-लाल झाली, तर मूत्रपिंडाची तपासणी ताबडतोब करा. गळू पिळू नका. नाकावरचं आणि वरच्या ओठावरचं तर मुळीच नाही. मधुमेह असलेल्याचा पाय लाल, गरम होऊन ताप आला, तर सकाळची वाट पाहू नका.

घरात कुणाला नागीण झाली तर त्याला वेगळं कोंडू नका. फोड स्वच्छ, सैल कापडाने झाकले की पुरे. मात्र फोडांवर खपली धरेपर्यंत तान्ही बाळं आणि कांजिण्या न झालेल्या गरोदर बायका यांना दूर ठेवा, कारण फोडांतल्या पाण्यातून त्यांना कांजिण्या होऊ शकतात. पन्नाशीपुढच्यांसाठी दोन डोसची लस २०२३ पासून आपल्या देशात मिळते. ती महाग आहे, पण ज्यांना झेपेल त्यांनी डॉक्टरांना जरूर विचारावं.

फोड कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील तर ७२ तासही थांबू नका. डोळ्याला इजा होऊन नजर जाऊ शकते, म्हणून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा. कानात फोड आले आणि तोंड वाकडं झालं तरीही तितकीच घाई करा. दवाखान्यात येताना चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत आणा आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तो आधी सांगा, कारण अशा रुग्णांसाठी एसायक्लोव्हिरचा डोस कमी करावा लागतो.