आईची भाषा शाळेबाहेर काढू देणार नाही!

कामगार बंधूंनो,

आमच्या मलकापुरावरून जाणारा हमरस्ता पुढं निपाणी-बेळगावला जातो. 1956 साली तो मराठी मुलूख म्हैसूर राज्यात घातला गेला. त्याच साली घटनेत 350-अ कलम आले : भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी. हक्क राहिला कागदावर! 1986 साली शाळांतल्या कन्नडसक्तीविरुद्ध सीमाभागातला मराठी माणूस उठला, तेव्हा त्याला गोळ्या मिळाल्या.

हा प्रश्न एकट्या मास्तरांचा नाही, आपला आहे. आम्ही चारच इयत्ता शिकलो, पण मराठीत शिकलो. म्हणूनच खात्यातली नोटीस वाचतो, पगाराचा हिशेब तपासतो नि मालकाला जाब विचारतो. ज्याला वाचता येत नाही, त्याचा अंगठा कुठंही उठवून घेतात.

कन्नड कामगार आमचा भाऊच आहे. आपल्या जत तालुक्यात कन्नड शाळा आहेत, त्या चालल्याच पाहिजेत. तोच न्याय बेळगावच्या मराठी पोराला द्या!

सीमेचा दावा महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात घातला. तेव्हा पहिलीत बसलेलं पोर आज बाप्या झालं. निकालासाठी पोराचं वय थांबत नाही.

म्हणून बंधूंनो, खात्याखात्यात ठराव करा, सह्या गोळा करा. मराठी शाळा जगलीच पाहिजे!